मुळाशी ओढ, टोकाशी खोड

लिंडनरोड, सोमवार, २२ एप्रिल १९०७

पोचलो एकदाचा! चार दिवस डोंगर तुडवून बुटांचे तळ कागदासारखे झाले होते. पण खिंड उतरताना खाली डोरिंग मिस्त्र्यांचं अंगण दिसलं आणि सगळा शीण पळाला. ओकाचे ओंडके रचलेले, ओल्या भुशाचा आंबूस वास, आणि कुणीतरी एका तालात तासतंय. सुताराला आणखी काय हवं?

आम्हा फिरस्त्या सुतारांच्या रिवाजाप्रमाणे उंबऱ्याबाहेर उभा राहिलो, काठी आपटली आणि काम मागायचे ठरलेले शब्द खड्या आवाजात म्हटले. दारात मिस्त्रीणबाई आल्या, ओटिली त्यांचं नाव. मला टोपीपासून टाचेपर्यंत न्याहाळलं आणि आत ओरडून म्हणाल्या, की अहो, एक लांबलचक वासा आपल्या पायांनी चालत आलाय, ठेवून घेताय की चुलीत घालू? मिस्त्री बाहेर आले. त्यांनी माझे हात पाहिले, फिरस्त्या सुताराच्या कानात असते ती बाळी पाहिली, गावोगावच्या शिक्क्यांची वही चाळली. म्हणाले, की यूस्टुस, बाबा रे, गिरणीवाल्याचं घर मेच्या पंचवीस तारखेला उभं करायचंय, तू देवासारखा आलास.

देवासारखा! आमच्या बिरादरीने नेमलेली फिरस्तीची, गावोगाव हिंडून काम करायची, तीन वर्षं आणि एक दिवस पुरा व्हायला माझे चारच महिने उरलेत. इथे आनंदात जातील. खोली अंगणावरची आहे, खिडकीतून सगळं काम दिसतं.

ही वही नवी. मागची नदीत गेली. गेली म्हणजे मीच टाकली. नव्या जागी नवी वही बरी.

बुधवार, २४ एप्रिल

काम झकास आहे. घराचा सगळा सांगाडा ओकाचा, लोखंडाचा एक खिळा नाही. प्रत्येक लाकूड आधी अंगणात जुळवून बघायचं, त्यावर आकडा आणि करणाऱ्याने आपली खूण खोदायची, मग सुटं करून गिरणीपाशी नेऊन उभं करायचं. माझी खूण दोन तिरक्या रेघा आणि मध्ये टिंब. ती आज नऊ लाकडांवर पडली.

मुकादम आहेत आडामकाका. साठीचे, बोलणं कमी, हात मात्र असा की सूत मारलं की ते जणू लाकडातच होतं असं वाटावं. गेरूत बुडवलेली दोरी ताणून चिमटीत उचलतात आणि सोडतात, टण्ण! लाल रेघ केसाएवढीही इकडेतिकडे नाही. करवत, वाकस, पटाशी, सगळं चालवतात. फक्त गिरमिटाला हात लावत नाहीत. भोक पाडायची वेळ आली की बाजूला होतात आणि मला हाक मारतात. मी विचारायला तोंड उघडलं तर मिस्त्र्यांनी डोळ्यांनीच दटावलं.

भोकं पाडायचं काम सगळ्यात अवघड आणि ते माझ्याकडे आलं, म्हणून छाती फुगली आहे हे कबूल करतो. ज्याला या धंद्यातलं कळत नाही त्याला वाटतं, खांबाला खाच, तुळईला जीभ, जीभ खाचेत घातली, आरपार भोक पाडलं, खुंटी ठोकली, झालं. तसं नसतं. खांबाचं भोक वेगळं पाडायचं आणि जिभेचं वेगळं, आणि जिभेचं मुद्दाम काडीभर सरकवून पाडायचं. जिभेच्या मुळाकडे, म्हणजे तुळईच्या अंगाकडे, सरकवलं तर खुंटी तुळईला खांबाकडे ओढून घेते आणि सांधा शंभर वर्षं सुटत नाही. चुकून टोकाकडे सरकवलं तर तीच खुंटी तुळईला बाहेर ढकलते. दोन्ही भोकं वरून सारखीच दिसतात.

रविवार, २८ एप्रिल

चर्च झाल्यावर लिंडनच्या झाडाखाली बसलो होतो. सफरचंदाची आंबट दारू, कांदा घातलेलं चीज, राईची भाकरी. ओटिलीबाईंनी माझ्या तिसऱ्या पेल्यावर टोमणा मारला, की वासा पोकळ दिसतोय, भरता भरत नाही.

आडामकाका माझ्याशेजारी येऊन बसले. माझी भोकं बघून घेतली म्हणाले, हात सच्चा आहे. मग स्वतःशीच पुटपुटल्यासारखं म्हणाले, की एकच लक्षात ठेव पोरा, मुळाशी ओढ, टोकाशी खोड.

पेला माझ्या हातात तसाच राहिला. हे वाक्य मी आयुष्यात एकाच तोंडून ऐकलं होतं. टिल्मान प्रत्येक भोकाआधी म्हणायचा, कान किटेपर्यंत. म्हणायचा, हे आमच्या घरचं आहे, बाहेर कुठे मिळणार नाही.

काकांनी विचारलं, की तू उत्तरेकडून आलास, फिरस्तीत कधी टिल्मान वेगांड म्हणून कुणी भेटला होता का, किंवा त्याच्याबरोबर काम केलेलं कुणी? मी म्हणालो, नाही. नावही ऐकलं नाही. ते म्हणाले, बरं. आणि भाकरीचे तुकडे कोंबड्यांना टाकत बसले.

टिल्मानने आपलं गाव डोंगराच्या पलीकडचं सांगितलं होतं. त्याचा बाप इथे असेल हे मला कसं कळावं?

वही माझीच आहे, तेव्हा एकदाच लिहून मोकळा होतो. आम्ही दोघं वर्षभर सोबत हिंडलो. गेल्या सप्टेंबरात एक कोठार उभं करताना तुळई निसटली आणि टिल्मान तिच्यासकट खाली आला, मेला. टिल्मान त्या दिवशी प्यायलेला होता. भोक त्यानेच चुकवलं आणि त्याची शिक्षा त्यालाच मिळाली. बिरादरीच्या पंचांनी असंच ठरवलं. माझा काय संबंध?

मंगळवार, ३० एप्रिल

वही उघडली तर परवाच्या ओळींवर लाल रेघ आहे. ‘टिल्मान त्या दिवशी प्यायलेला होता’ पासून ‘शिक्षा त्यालाच मिळाली’ पर्यंत. हाताने ओढलेली नाही. गेरूची दोरी ताणून सोडल्यावर पडते तशी, मधे गडद आणि कडांना भुरभुरीत.

वही माझ्या गाठोड्यात होती. गाठोड्याची गाठ माझीच होती. ओटिलीबाईंना विचारलं, खोलीत कुणी आलं होतं का? त्या म्हणाल्या, तुझ्या मोज्यांचा वास ओलांडून जायला कुणाची छाती आहे?

हसलो. कुणीतरी थट्टा केली असणार.

शुक्रवार, ३ मे

आज दुपारी सगळे आत जेवायला गेले. मी हात धुवायला मागे राहिलो, मग गेलो. उठलो तो सगळ्यांच्या आधी उठलो. मधल्या तुळईची जीभ मी जेवायच्या आधी कोरून ठेवली होती. तिच्यावर टोच्याने भोकाची जागा टोचलेली होती. टोकाकडे. काडीभर टोकाकडे.

आणि शेजारी खूण खोदलेली. तीन रेघा, खाली एक आडवी, कोंबडीचा पाय. टिल्मानची. ढलपी तिथेच पडली होती, ओली, ताजी.

मी पटाशीने ती खूण तासून काढली. काकांनी पाहिलं असतं तर? घाईत बोट कापलं. जेवताना कोण कोण होतं ते तीनदा मोजलं. मिस्त्री, बाई, काका, मी. चौघंच आहोत आम्ही, आणि चौघंही टेबलाशी होतो.

गुरुवार, ९ मे, सुट्टी

आज काकांनी आपणहून सगळं सांगितलं. मी विचारलं नव्हतं. मला तिथून उठताही येईना.

पंचांचं पत्र आलं होतं, की तुमच्या मुलाने दारूच्या नशेत भोक चुकवलं, बिरादरीला बट्टा लावला. गावात तोंड दाखवायची सोय राहिली नाही. चाळीस वर्षांचं स्वतःचं अंगण विकून इथे दुसऱ्याच्या हाताखाली आले. म्हणाले, की पोरगं दारूला शिवत नव्हतं रे, तेव्हा ते खोटं. पण भोक? भोक पाडायला मी शिकवलं. सहा वर्षांचा होता, माझ्या मांडीवर बसून गिरमिट फिरवायचा. मीच कुठेतरी उलटं शिकवलं असणार. माझ्याच हातात खोड. म्हणून तो हात आता गिरमिटाला लावत नाही.

मग रुमाल सोडला. आत टिल्मानची बाळी, रक्त वाळलेली. जो नाव घालवतो त्याच्या कानातली बाळी बिरादरी ओढून काढते, उघडायची नाही, ओढायची, कान फाटतो. मेल्यावरही सुटका नाही. काका म्हणाले, ज्या कुणी ओढली त्याने निदान पुसून तरी पाठवायची.

मी म्हणालो, फार वाईट झालं काका. इतकंच. माझ्या तोंडातून इतकंच निघालं! त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, तू ऐकून घेतलंस, बरं वाटलं.

लाज वाटते आहे. दुरुस्त करतो. टिल्मान प्यायलेला नव्हता. पण भोक त्याचंच चुकलं.

शनिवार, ११ मे

रेघ. ‘पण भोक त्याचंच चुकलं’ यावर. पहिलं वाक्य सोडून दिलंय.

‘प्यायलेला नव्हता’ हे तसंच आहे. म्हणजे वाचून, समजून मारलेली आहे.

सोमवार, १३ मे

दुपार, लख्ख ऊन. आम्ही सूप पीत होतो. मी खिडकीकडे तोंड करून. अंगणात माझ्या तुळईवर कुणीतरी घोड्यावर बसल्यासारखं बसलं होतं, पाठ माझ्याकडे, छाती गिरमिटावर टेकवून ते फिरवत होतं. मला वाटलं, काकांनी शेवटी गिरमिट धरलं. बरं वाटलं. आणि शेजारून काकांनी मीठ मागितलं.

परत पाहिलं तेव्हा तुळईवर कुणी नव्हतं. गिरमिट लाकडात उभं होतं आणि आपोआप फिरत होतं, हळूहळू, थांबत आलेलं. मिस्त्रीणबाई म्हणाल्या, सूप आवडलं नाही तर तसं सांग, चेहरा कशाला पांढरा करतोस?

जाऊन पाहिलं. भोक नव्हतं. पण गिरमिटाचं पातं हाताला चटका बसेल इतकं गरम होतं.

गुरुवार, १६ मे

लिहितो. सगळं लिहितो, म्हणजे हे थांबेल. चोराच्या मनात चांदणं, तसं माझं झालंय.

ते भोक मी पाडलं. टिल्मान ताप येऊन झोपला होता. त्याची तुळई अर्धी राहिली होती, वर त्याची खूण होती. मी म्हटलं, मी पुरी करतो. गप्पा मारत होतो, शेखी मिरवत होतो, जीभ उलटीकडून धरली आणि टोकाकडे पाडलं. गिरमिट पलीकडे निघालं त्याच क्षणी कळलं. सांगितलं असतं तर काय झालं असतं? ओकाची तुळई वाया गेली असती. चार लोक हसले असते. आठवडाभर चेष्टा झाली असती. तेवढ्यासाठी मी खुंटी तासून बारीक केली, म्हणजे ती अडकणार नाही, सहज जाईल. गेली. टोकाशी लाकूडच उरलं नव्हतं. टिल्मान अंगात ताप असतानाच वर चढला तशी जीभ चिरली.

मग पंच जमले, खूण पाहिली, कोंबडीचा पाय. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण मी त्याचा सोबती. मी मान खाली घातली. त्यांना ते दुःख वाटलं. करून सवरून नामानिराळा राहिलो.

हे खरं आहे. यातलं अक्षर खोटं नाही.

शनिवार, १८ मे

ह्यावरही रेघ आहे.

सबंध पानावर, ओळीमागून ओळ. खरं लिहिलं तरी. का? खरं आहे ना ते!

हे लिहीत असतानाच कानाशी आवाज झाला, टण्ण. आणि ‘अक्षर खोटं नाही’ वर लाल धूळ बसताना मी पाहिली. भर दुपारी. खिडकी बंद. धूळ माझ्या मनगटावर—

मंगळवार, २१ मे

राहिलं होतं एक. ते राहिलं म्हणून असेल.

बाळी मी ओढली. पंच म्हणाले, सोबत्यानेच ओढायची असते. मी नाही म्हणू शकलो असतो. त्याचा चेहरा गुलाबी होता अजून, तापाचा. मी एक पाय त्याच्या छातीशी टेकवला आणि— पुसायची मला आठवण झाली नाही. ती मी पुसली नाही.

आज न्याहारीला बसलो तर डावा कान ओला लागला. रक्त वाटलं. गेरू होता. बाई म्हणाल्या, अरे, आज कानाने सूत मारलंस की काय? सगळे हसले. काकाही.

बुधवार, २२ मे

बाळीच्या ओळींवरही रेघ.

मग कळलं. लिहिणं म्हणजे सांगणं नव्हे. वहीत मी माझ्याशीच बोलतोय. ज्याला सांगायचं तो वीस पावलांवर बसून खुंट्या छिलतोय.

संध्याकाळी त्यांच्याजवळ गेलो. म्हणालो, काका. ते म्हणाले, बोल. मी म्हणालो, उद्या ऊन पडेल ना? ते म्हणाले, पडेल.

धिक्कार आहे माझा. जिवंत राहून मेल्याहून मेल्यासारखा झालोय.

गुरुवार, २३ मे

मधली मुख्य तुळई आज पुरी केली. नीट मोजलं. तीनदा. मुळाकडे टोचलं, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. मोठ्याने म्हटलंसुद्धा, मुळाशी ओढ. पाडलं. फुंकर मारून भुसा उडवला.

भोक टोकाकडे आहे.

टोच्याची खूण मुळाकडे जशीच्या तशी. भोक टोकाकडे. शेजारी माझीच खूण, दोन रेघा आणि टिंब. ह्या वेळी माझीच.

घर परवा उभं राहणार. गाव बोलावलंय, वाजंत्री सांगितलीत. आता सांगायचं म्हणजे नवी तुळई, नवा मुहूर्त. लोक विचारणार, कसं काय चुकलं? मग काका माझ्याकडे बघणार. एकदा बघितलं की त्यांना सगळं दिसेल.

सांगतो. उद्या सकाळी.

शुक्रवार, २४ मे

सांगितलं नाही.

सकाळी सगळं लाकूड गाडीवर चढलं. तुळईही. मी दोर धरला होता.

काका आनंदात आहेत. त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. म्हणाले, उद्या मधल्या तुळईची खुंटी मी मारणार. मिस्त्री म्हणाले, काका, इथे आल्यापासून वर चढला नाहीत. तर म्हणाले, भोक यूस्टुसचं आहे, मला भीती नाही. तुझ्या भोकात खुंटी मारीन, पोरा, म्हणजे माझा हातही सुधारेल.

मी हसलो. मी हसलो!

खुंट्यांच्या टोपलीत त्या सांध्याची खुंटी वर ठेवलेली आहे. मी तासली. बारीक. हात आपोआप— नाही. आपोआप नाही. मीच.

शनिवार, २५ मे, दुपार

पोट दुखतंय असं सांगून खोलीत आलो. अंगणापलीकडे गिरणी, खिडकीतून समोर, हाकेच्या अंतरावर. सांगाडा उभा राहिलाय. बायका झाडाखाली, वाजंत्री गप्प, मुख्य तुळई दोरांनी वर गेली.

जीभ खाचेत गेली. बसली. कुणाला काही दिसत नाही.

कुणीतरी माझ्यामागे उभं आहे. वळणार नाही. श्वास ऐकू येतोय, तापाचा.

काका शिडीपाशी. टोपली कमरेला. वर बघून टोपी काढली, हात हलवला. माझ्या खिडकीकडे.

खिडकी उघडून ओरडलं तरी पुरे. एकच हाक. काका, उतरा. दोन शब्द. नंतरचं नंतर.

मागचा हलत नाही. मला अडवतही नाही. कुणीच अडवत नाहीये मला. पेन माझ्याच हातात आहे, मीच धरलंय.

काका तुळईवर बसले. खुंटी घेतली. बघतायत तिच्याकडे, बोटात फिरवून. ओळखतील? सुतार आहेत, ओळखतीलच— नाही. भोकाला लावली. त्यांचा माझ्यावर विश्वास आहे.

पहिला ठोका. पोकळ.

ओरडतो. उठलोच. हे एवढं वाक्य पुरं करून मग